शिकागोत हिवाळी पार्किंगचं तिकीट आलंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

‘त्या रात्री बर्फाचा कणही पडला नव्हता.’ शिकागोतल्या हिवाळी पार्किंग तिकिटाविरुद्ध लिहिलेले जे अर्ज ओळखीच्या लोकांनी मला वाचायला दिले, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात याच वाक्याने होते. बऱ्याचदा अर्ज त्या वाक्यातच हरलेला असतो. वाक्य खोटं नसतं. रात्र कोरडी असते, रस्ता स्वच्छ असतो, आणि तरीही तिकीट बरोबर असतं. कारण बर्फ पडला की नाही, याचा त्या नियमाशी संबंधच नसतो.

शिकागोत हिवाळ्यातल्या पार्किंगचे दोन वेगळे नियम आहेत. लोक एका नियमाखाली तिकीट घेतात आणि उत्तर दुसऱ्याचं देतात. बाकीच्या चुका यानंतरच्या: मुदत हुकणं, आधी पैसे भरून मग तक्रार करणं, पाटीचा फोटो दोन आठवड्यांनी काढणं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. काही टप्पे थंडीतच, गाडीपाशी उभं राहून करायचे आहेत. ते नंतर करता येत नाहीत.

हे सगळं फक्त शिकागो शहराने दिलेल्या तिकिटाबद्दल आहे. नेपरविल, शॉमबर्ग, ऑरोरा या गावांचे नियम, दंड आणि अर्जाच्या पद्धती त्यांच्या त्यांच्या आहेत. आपली बरीच मंडळी उपनगरांत राहतात आणि शनिवारी शहरात येतात, त्यामुळे तिकीट नेमकं कुणाचं, हे आधी बघा.

टप्पा १: गाडी हलवण्याआधी फोटो

वायपरखाली तिकीट दिसलं की पहिला हात गाडीच्या दाराकडे जातो. तो थांबवा. गाडी आहे तिथे असतानाच फोटो हवेत, कारण ती नेमकी कुठे उभी होती हे सिद्ध करायला नंतर दुसरं काही हाताशी राहत नाही.

आधी चारही बाजूंनी गाडी घ्या. एका फोटोत नंबरप्लेट आणि मागचं एखादं दुकान किंवा घर क्रमांक एकत्र दिसू द्या. मग गाडीपासून जवळच्या चौकापर्यंत दोन्ही दिशांना चालत जा आणि चालताना व्हिडिओ सुरू ठेवा. मध्ये लागणारा प्रत्येक खांब त्यात आला पाहिजे, पाटी असलेला आणि नसलेलाही. व्हिडिओ तोडू नका. सुट्या फोटोंमधून ‘इथे पाटी नव्हती’ हे सिद्ध होत नाही, कारण पाटी दोन फोटोंच्या मधल्या जागेत असू शकते.

पाटी बर्फाने झाकलेली असेल तर हा फोटो सगळ्यात मोलाचा. ओला बर्फ वाऱ्याबरोबर आला की पाटीच्या एकाच तोंडाला लिंपल्यासारखा चिकटतो. मागची बाजू कोरडी, पुढे पांढरा थर, आणि अक्षरांच्या जागी फक्त काठाची लाल रेघ. सकाळी दहाला ऊन आलं की हा थर घसरून खाली पडतो आणि पाटी जणू कधी झाकलीच नव्हती अशी दिसते. त्यामुळे फोटो आधी, कॉफी नंतर. पाटी पुसायला मात्र जाऊ नका.

बर्फ असेल तर त्याची खोलीही मोजा. गाडीत साधी शालेय पट्टी ठेवा. गाडीच्या कडेला प्लाऊने, म्हणजे बर्फ सारणाऱ्या गाडीने, ढकललेला ढीग मोजण्यात अर्थ नाही, तो ढीग कुणालाही ओळखू येतो. गाडीच्या पुढे किंवा मागे, जिथे बर्फ जसा पडला तसाच आहे, तिथे पट्टी उभी धरा आणि आकडा वाचता येईल असा फोटो काढा.

*तपासा: फोनमध्ये तारीख-वेळ आपोआप धरली जाते का? फोटो व्हॉट्सअॅपने कुणाला पाठवून मूळ फाइल पुसून टाकू नका. पाठवलेल्या प्रतीत मूळ माहिती टिकत नाही.*

टप्पा २: तिकीट कोणत्या नियमाचं आहे

आता घरी या, बूट काढा आणि तिकीट शांतपणे वाचा. त्यावर कलमाचा क्रमांक असतो. हिवाळ्यात तुमच्या कामाचे दोन.

पहिलं ९-६४-०६०, म्हणजे पहाटे ३ ते ७ ची बंदी. ही शहरातल्या सुमारे १०७ मैल मुख्य रस्त्यांवर १ डिसेंबर ते १ एप्रिल रोज लागू असते. बर्फ पडो न पडो. पाटीवर वेळ आणि तारखा लिहिलेल्या असतात. सुरुवातीच्या ‘बर्फाचा कणही नव्हता’ अर्जाचं कलम हेच.

दुसरं ९-६४-०७०, म्हणजे दोन इंच बर्फाचा नियम. हा आणखी सुमारे ५०० मैल रस्त्यांना लागू होतो. इथे घड्याळ आणि तारीख चालत नाही, रस्त्यावर दोन इंचांहून जास्त बर्फ आहे का एवढंच बघितलं जातं. दुपारी दोनलाही तिकीट मिळू शकतं. बर्फ पडायचा थांबला म्हणून बंदी लगेच उठतही नाही, रस्ता साफ होईपर्यंत ती राहते.

दोन्हींचा दंड ६० डॉलर. बचाव मात्र वेगळे आहेत. ०६० असेल तर हवामानाचा अहवाल कितीही चांगला असला तरी तो बाजूला ठेवा. ०७० असेल तर तोच अहवाल तुमचा मुख्य पुरावा होऊ शकतो. हा फरक कळला की अर्धं काम झालं, असं मी अनुभवाने सांगतो.

कलम कळल्यावर तिकिटाची एकेक ओळ तपासा: नंबरप्लेट, राज्य, गाडीचा मेक, ठिकाण, तारीख, वेळ. दोन जागी चूक हमखास सापडू शकते.

एक, वेळ. ०६० ची बंदी पहाटे सातला संपते. तिकिटावर ७ वाजून ४ मिनिटं असतील तर तिकिटातली हकीकत स्वतःच नियमाबाहेर जाते. तारखेचंही तसंच. पण ३० नोव्हेंबरची रात्र लक्षात ठेवा. थँक्सगिव्हिंगच्या आसपास लोक ३० तारखेला रात्री गाडी लावतात, पहाटे तीनला १ डिसेंबर लागलेला असतो आणि बंदीचा पहिलाच दिवस असतो. ‘मी ३० नोव्हेंबरला गाडी लावली होती’ हे खरं असलं तरी कामाचं नाही.

दोन, पत्ता. शिकागोत घर क्रमांकांची शिस्त पक्की आहे. सम क्रमांक रस्त्याच्या उत्तर आणि पश्चिम बाजूला, विषम क्रमांक दक्षिण आणि पूर्व बाजूला. तुमची गाडी पूर्वेच्या बाजूला होती आणि तिकिटावर सम क्रमांक आहे, तर ठिकाण जुळत नाही. तसंच नॉर्थ-साउथ, ईस्ट-वेस्ट यांची अदलाबदल झाली असेल तर तिकिटावरची जागा मैलोन्‌मैल लांब असू शकते. इथे टप्पा १ मधला घर क्रमांकाचा फोटो उपयोगी पडतो.

*सावधान: गाडीचा रंग थोडा वेगळा लिहिला किंवा रस्त्याच्या नावात एक अक्षर चुकलं, एवढ्यावर अर्ज उभा करू नका. गाडी आणि जागा ओळखता येते का, हे बघितलं जातं.*

टप्पा ३: गाडीच जागेवर नसेल तर

तिकिटाऐवजी रिकामी जागा दिसली, तर चोरीची तक्रार करण्याआधी ३११ ला, म्हणजे शहराच्या मदत क्रमांकावर, फोन करा किंवा शहराच्या संकेतस्थळावर नंबरप्लेट टाकून शोधा. दोन इंचांच्या नियमात कधी कधी गाडी जवळच्याच आडव्या रस्त्यावर नेऊन ठेवलेली असते. पहाटेच्या बंदीत ती बहुधा ऑटो पाउंडमध्ये, म्हणजे ओढून नेलेल्या गाड्या ठेवण्याच्या शहराच्या आवारात, जाते. तिथे टोचे, म्हणजे गाडी ओढून नेण्याचे, किमान १५० डॉलर, शिवाय ठेवण्याचे दिवसाला २५ डॉलर. त्यामुळे उशीर करू नका. आज नाही, रविवारी जाऊ, या हिशेबात तिकिटाहून जास्त पैसे जातात. लायसन्स, गाडीची नोंदणी आणि इन्शुरन्सचे कागद बरोबर न्या.

इथे फार लोक एक गोष्ट विसरतात. तिकीट आणि टो ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. तिकीट रद्द झालं म्हणून टोचे पैसे आपोआप परत मिळत नाहीत. टोविरुद्धची सुनावणी स्वतंत्र मागावी लागते आणि तिची मुदत थोड्या दिवसांची असते. गाडी सोडवायला जाल तेव्हाच खिडकीवर विचारा, अर्ज घ्या आणि त्यावरची तारीख वाचा. टोचे पैसे भरून गाडी सोडवली म्हणून त्या सुनावणीचा हक्क जात नाही.

तिकिटाचे ६० डॉलर मात्र तिथेच घाईत भरू नका. तिकिटाचे पैसे भरणं म्हणजे चूक मान्य करणं. मग ते प्रकरण बंद होतं.

टप्पा ४: एकच कारण निवडा

शिकागोच्या नियमात बचावाची कारणं ठरलेली आहेत. सुनावणी घेणारा न्यायाधीश त्या यादीत बसणारं कारण शोधतो. तुमचा स्वभाव किंवा अडचण त्याला मोजता येत नाही. हिवाळी तिकिटासाठी उपयोगी कारणं मुख्यतः चार:

– बंदीची पाटी नव्हती किंवा झाकलेली होती.
– तिकिटात लिहिलेली हकीकत चुकीची किंवा विसंगत आहे, किंवा तिच्यावरून नियम मोडल्याचं सिद्ध होत नाही.
– त्या वेळी गाडी तुमच्या मालकीची किंवा लीजवर नव्हती.
– गाडी किंवा तिच्या नंबरप्लेट चोरीला गेल्या होत्या.

पहिल्या कारणाला हिवाळ्यात फार वजन आहे, पण एक अट विसरू नका: पाटी तुमच्या गाडीला लागू होणारी हवी. तुमच्या समोरची पाटी झाकलेली होती आणि त्याच तुकड्यात, त्याच बाजूला, दहा गाड्या सोडून दुसरी पाटी स्पष्ट दिसत होती, तर ‘दुसरी दिसली नाही का?’ हा प्रश्न येणारच. म्हणून तर तो अखंड व्हिडिओ.

तिसऱ्या कारणाबद्दल इलिनॉयमधल्या लोकांना एक सांगतो. इथे नंबरप्लेट गाडीबरोबर जात नाहीत, मालकाकडे राहतात. गाडी विकली, प्लेट तशाच ठेवल्या, नव्या मालकाने ती मुख्य रस्त्यावर लावली, तर तिकीट तुमच्या नावावर येतं. तुमच्याकडे विक्रीचा कागद आणि सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (इलिनॉयचं वाहन नोंदणी कार्यालय) विक्री कळवल्याची नोंद असेल तर कारण भक्कम. नसेल तर भांडण अवघड.

चौथ्या कारणासाठी तिकिटाच्या आधीचा किंवा लगेच नंतरचा पोलिस रिपोर्ट लागतो. खरोखर चोरी झाली असेल तरच ते वापरा.

आता यादीत नसलेली कारणं, कारण ती जास्त वेळा लिहिली जातात. ‘मी नुकताच भारतातून आलो.’ ‘मी बर्फ पडायच्या आधी गाडी लावली होती.’ ‘सगळ्याच गाड्या तिथे होत्या.’ ‘आतल्या गल्लीत सगळीकडे डिब्सच्या खुर्च्या होत्या.’ हे शेवटचं शिकागोबाहेरच्यांना सांगायला हवं: इथे लोक फावड्याने उकरलेली जागा खुर्ची, इस्त्रीचं टेबल, प्लास्टिकचा घोडा असं काहीही ठेवून आपली म्हणून राखतात. गल्लीत जागा नाही म्हणून लोक मुख्य रस्त्यावर जातात आणि तिकीट घेतात. त्रास खरा आहे, पण तो बचाव नाही. गाडी बंद पडली होती, हेही यादीत नाही. मेकॅनिकची किंवा टो ट्रकची पावती असेल तर जोडा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका.

‘आधीच गाडी लावली होती’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक बघावं. गाडी हलवल्यावर खाली जो कोरडा काळा चौकोन उरतो, त्याचा फोटो काही जण अभिमानाने जोडतात. त्या फोटोवरून एवढंच कळतं की बर्फ पडताना गाडी तिथेच होती. म्हणजे तुम्हीच शहराची बाजू पक्की करता.

*तपासा: तुमचं कारण एका वाक्यात लिहून बघा. त्या वाक्यात ‘पण’ किंवा ‘खरं तर’ आलं, तर बहुधा ते कारण नाही, सबब आहे.*

चारपैकी एकही कारण लागू पडत नसेल, पाटी स्वच्छ दिसत असेल आणि पहाटेचे चार वाजले असतील, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: ६० डॉलर मुदतीत भरा. मुदत गेली की उशिराचा दंड लागून ते १२० होतात.

टप्पा ५: पुरावा जोडणं

०६० साठी पुरावा बहुधा पाटीचा, वेळेचा किंवा पत्त्याचा असतो. तो तुम्ही टप्पा १ मध्येच घेतला आहे.

०७० साठी हवामान लागतं. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या रोजच्या अहवालात शिकागोसाठी ओहेअर विमानतळाचे आकडे मिळतात. दक्षिणेकडच्या भागात राहत असाल तर मिडवे विमानतळाची नोंदही शोधा, ती तुम्हाला जवळची. अहवालात दोन वेगळे आकडे असतात. एक, चोवीस तासांत पडलेला बर्फ. दुसरा, जमिनीवर साचलेला बर्फ. आधी पडून राहिलेला दोन इंच बर्फ असेल आणि त्या दिवशी नवा अर्धा इंचच पडला असेल, तर ‘अर्धाच इंच पडला’ म्हणून अर्ज करू नका. प्रश्न रस्त्यावर किती होता याचा आहे. दोन इंच म्हणजे जेमतेम ५ सेंटिमीटर, हेही लक्षात असू द्या. अंदाज बहुतेक वेळा कमीच केला जातो.

विमानतळाचा आकडा तुमच्या गल्लीचा नसतो, म्हणून तो एकटा पुरत नाही. पट्टीचा फोटो आणि अहवाल एकत्र जोडले की त्याला अर्थ येतो. तिकिटाच्या वेळेपासून फोटो किती तासांनी काढला, हेही प्रामाणिकपणे लिहा.

फोटो छापत असाल तर मोठे छापा. प्रत्येकावर क्रमांक टाका आणि खाली एक ओळ: काय, कुठून, कधी. ‘फोटो ३: गाडीच्या मागच्या बंपरपासून उत्तरेकडे, सकाळी ७.४०.’ वीस फोटोंपेक्षा असे पाच फोटो जास्त काम करतात. नकाशाचं एक पान घ्या, त्यावर गाडीची जागा आणि दोन्ही बाजूंच्या पाट्या पेनाने खुणा करून दाखवा.

इंटरनेटवरच्या रस्त्याच्या चित्रांचा आधार घेत असाल तर चित्र कोणत्या महिन्याचं ते बघा. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतल्या चित्रात पाटी नव्हती, यावरून या जानेवारीचं काही ठरत नाही.

टप्पा ६: मुदत आणि मार्ग

तिकिटाच्या तारखेपासून ७ दिवसांत उत्तर द्यायचं असतं: पैसे भरा, नाहीतर अर्ज करा. तुम्ही गप्प राहिलात तर नोंदणीच्या पत्त्यावर दुसरी नोटीस येते आणि तिच्या तारखेपासून १४ दिवस मिळतात. तेही गेले की तुम्ही दोषी असल्याचा निर्णय तुमच्या गैरहजेरीतच होतो. त्यानंतर तो निर्णय रद्द करण्यासाठी अर्ज करायला २१ दिवस असतात, आणि त्या अर्जाची कारणं फार थोडी: गाडी तुमची नव्हती, पैसे आधीच भरलेले होते, किंवा हजर न राहण्याचं योग्य कारण होतं. पाटी झाकलेली होती, हे सांगण्याची सोपी संधी तोवर गेलेली असते.

दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजतात. पाकीट तुमच्या हातात आलं त्या दिवसापासून नाही. पत्ता बदलला असेल आणि नोंदणी जुन्याच पत्त्यावर असेल तर नोटीस तिथेच जाते. इलिनॉयमध्ये घर बदलल्यावर १० दिवसांत सेक्रेटरी ऑफ स्टेटला नवा पत्ता कळवावा लागतो. डिसेंबरात लग्नांसाठी चार आठवडे भारतात जाणाऱ्यांची गाडी रस्त्यावर आणि पत्रपेटी बंद, अशी स्थिती असते. अशा वेळी किल्ली आणि पत्रपेटी दोन्ही एकाच माणसाकडे द्या. तिकीट क्रमांकाचा फोटो त्याने पाठवला तर अर्ज पुण्यात बसून ऑनलाइन करता येतो.

मार्ग तीन: ऑनलाइन, पोस्टाने, प्रत्यक्ष सुनावणी. कुठला निवडायचा?

पुरावा कागदावर स्पष्ट दिसत असेल, म्हणजे ७ वाजून ४ मिनिटं किंवा चुकीचा पत्ता, तर ऑनलाइन पुरेसं आहे. पाटी आणि अंतर समजावून सांगावं लागणार असेल, व्हिडिओ दाखवायचा असेल, तर प्रत्यक्ष सुनावणी घ्या. तिथे न्यायाधीशाला शंका आली तर तो विचारतो. कागदावरच्या शंकेचं उत्तर देता येत नाही. पोस्टाने पाठवणार असाल तर पाठवल्याची पावती मिळेल अशा सेवेने पाठवा आणि मूळ कागद नाही, प्रती पाठवा.

*सावधान: एका मार्गाने निर्णय झाला की दुसऱ्या मार्गाने पुन्हा पहिल्यापासून मांडता येत नाही. पोस्टाने हरलो तर प्रत्यक्ष जाऊ, असा बेत करू नका.*

भाड्याची गाडी असेल तर तिकीट आधी कंपनीकडे जातं. कंपनी पैसे भरून तुमच्या कार्डातून शुल्कासकट वसूल करू शकते आणि मग लढायला काही उरत नाही. तिकीट सापडलं त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा की तुम्ही हरकत घेणार आहात.

टप्पा ७: अर्ज

अर्ज इंग्रजीत आणि एका पानात लिहा. सांगाडा असा:

*तिकीट क्रमांक, नंबरप्लेट, कलम.*
*कारण: बंदीची पाटी झाकलेली होती.*
*१५ जानेवारीला पहाटे ५.२० वाजता दिलेल्या तिकिटाविरुद्ध हा अर्ज आहे. माझी गाडी अमुक घर क्रमांकासमोर, रस्त्याच्या पश्चिम बाजूला होती (फोटो १, २). या तुकड्यात पश्चिमेच्या बाजूला बंदीची एकच पाटी आहे. ती त्या सकाळी पूर्ण बर्फाने झाकलेली होती (फोटो ३, ४, सकाळी ७.३५). दोन्ही चौकांपर्यंतचा अखंड व्हिडिओ जोडला आहे. दुसरी पाटी नाही. तिकीट रद्द करावं ही विनंती.*

एवढंच. पहिल्या ओळीत कारण आलं, प्रत्येक विधानामागे पुरावा आला. मुलाची शाळा, आईचं आजारपण, नोकरीचा ताण हे यात नको. लिहिण्याचा मोह होतो, हे मला कळतं. एका ओळखीच्या मुलाने तीन पानांचं पत्र लिहिलं होतं, मनापासून. त्याच्या गाडीसमोर पाटीचा नुसता खांब होता, पाटी नव्हती. ही गोष्ट तिसऱ्या पानाच्या मध्ये होती. आम्ही ते वाक्य वर आणलं आणि बाकी सगळं काढून टाकलं.

दोन कारणं एकत्र लिहायची असतील तर ती एकमेकांना छेद देत नाहीत ना, ते बघा. ‘गाडी तिथे नव्हतीच’ आणि ‘तिथली पाटी झाकलेली होती’ हे एकाच पानावर शोभत नाही.

टप्पा ८: प्रत्यक्ष सुनावणी

शहराचा प्रशासकीय सुनावणी विभाग ४०० वेस्ट सुपिरिअर स्ट्रीटला आहे. तुमची सुनावणी कुठे आणि कशी, ते नोटिशीवर लिहिलेलं असतं, तेच धरा. अर्धा तास आधी पोहोचा.

आत काय होतं ते माहीत असलं की भीती जाते. तिकीट हाच शहराचा प्राथमिक पुरावा असतो. ते देणारा अधिकारी हजर असायलाच हवा असं नाही, म्हणून ‘तो आला नाही, आता मी सुटलो’ असं समजू नका. तुमच्या पुराव्याचं वजन तिकिटाच्या वजनापेक्षा जास्त भरलं पाहिजे, इतकंच. शपथ घेऊन बोलावं लागतं.

बोलणं दोन मिनिटांत बसेल असं घरी मोठ्याने म्हणून बघा. क्रम हाच: कलम कोणतं, कारण कोणतं, फोटो १ काय दाखवतो, फोटो २ काय दाखवतो. फोटो फोनवर दाखवता आले तरी छापलेले न्या. फोन परत तुमच्या खिशात जातो, छापलेला कागद नोंदीत राहतो. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढे कोर्टात गेलात तर तिथे नोंदीतल्याच गोष्टी बघतात, नवा पुरावा घेत नाहीत.

प्रश्न विचारला तर प्रश्नाचंच उत्तर द्या. ‘दुसरी पाटी होती का?’ याचं उत्तर ‘हो, पण’ नसावं. होती तर ‘होती, गाडीपासून इतक्या फुटांवर, ही फोटो ५ मध्ये.’ माहीत नसेल तर ‘माहीत नाही.’

टप्पा ९: निर्णयानंतर

विरुद्ध निर्णय लागला तर तो मिळाल्यापासून ३५ दिवसांत कुक काउंटीच्या सर्किट कोर्टात दाद मागता येते. कोर्टाची फी तिकिटाच्या रकमेपेक्षा जास्त होऊ शकते, म्हणून ६० डॉलरसाठी हे बहुतेकांना परवडत नाही. टो आणि पाउंडचे पैसे मिळून रक्कम मोठी असेल आणि नोंदीतला पुरावा भक्कम असेल, तर वकिलाला विचारा. नसेल तर दंड लगेच भरून टाका. न भरलेली तीन तिकिटं अंतिम झाली की गाडीच्या चाकाला बूट, म्हणजे गाडी हलू न देणारं कुलूप, लागू शकतो, आणि मग तो काढण्याचाही खर्च येतो.

बाजूने निर्णय लागला तर त्याचा कागद नंबरप्लेटच्या फाइलमध्ये ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी शहराच्या संकेतस्थळावर तिकीट क्रमांक टाका आणि बाकी शून्य दिसते का ते बघा. दिसली की त्या पानाची प्रत काढा. टोची सुनावणी वेगळी मागितली असेल, तर तिकीट रद्द झाल्याचा हाच कागद तिथे पहिला पुरावा म्हणून न्या.